खंड्याचं जाऊळ

शिंदखेड्यात धुरपदाबाईच्या तोंडी लागायची कोणाची टाप नव्हती. तरणेपणी नवरा गेला, मूलबाळ नाही. दिराने शेत बळकवायला बघितलं तर विळा घेऊन बांधावर बसली. अशा बाईने जीव लावला तो खंड्या कुत्र्याला. त्याला ती पोटच्या पोरासारखं 'पोऱ्या' म्हणायची, आणि कोणी हसलं की त्याच्या सात पिढ्या उद्धरायची.

शहाण्णव साली खंड्या घराच्या धाब्यावरून पडला आणि मागचे पाय लुळे पडले. बाईने अन्न टाकलं. शेवटी कापूस वाहायच्या माझ्या टेम्पोत घालून त्याला धुळ्याला नेलं. काय करणार, शेजार पडला!

तिथल्या डॉक्टरांनी नुकतंच लेझरचं यंत्र आणलं होतं. "पाठीवर हा प्रकाश द्यायचा, दुखत नाही. पण केसांतून तो आत जात नाही, पाठ भादरावी लागेल," म्हणत त्यांनी वस्तरा उचलला.

बाई कडाडली, "मी जित्ती शे ना आजून! मना पोऱ्याना केस कसाले काढतस?"

आई-बाप गेल्यावर पोराने केस काढायचे, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी समजावलं, चिडलो, टेम्पो घेऊन निघतो म्हणालो. ती खंड्याला कवटाळून रडायला लागली, तेव्हा मलाही भडभडून आलं. केस काढले तर अपशकुन, नाही काढले तर पोरगं जन्माचं अधू.

एकदम डोळे पुसून ती म्हणाली, "आजून त्यानं जाऊळच कोठे काढेल शे? भाईदासले बलावा!"

भाईदास तिचा भाऊ, दोंडाईच्यातला मानाचा माणूस. जाऊळ काढायचं ते मामाच्या मांडीवर, म्हणून दुसऱ्या दिवशी तो नवी टोपी घालून दवाखान्यात बसला, मांडीवर खंड्या. डॉक्टरांनी पाठ भादरली. बाईने न्हाव्याचा मान म्हणून त्यांना नारळ आणि शिधा दिला, तो त्यांनी मुकाट्याने घेतला. मग लेझरसाठी सगळ्यांना काळे चष्मे. गुरगुरणाऱ्या भाच्याला कसाबसा धरून बसलेल्या भाईदासने यंत्र बंद होताच त्याला माझ्या मांडीवर टाकलं आणि दोंडाईच्याची एसटी गाठली.

पुढे आमच्या फेऱ्या चालूच राहिल्या. खंड्या थरथरत उभा राहायला लागला, पण पाऊल टाकेना. बाई त्याच्यापुढे भाकरी धरून मागे मागे सरकायची, आणि तो नुसता बघायचा.

दिवाळीत भाईदास बहिणीला न्यायला आला. खंड्याने त्याला ओळखलं, उठला आणि पळत सुटला तो थेट मामाच्या धोतराकडे. मामा पुढे, भाचा मागे, आणि त्यांच्यामागे काठ्या घेऊन आम्ही.

धुरपदाबाई दारातच उभी राहून रडत होती, हसत होती, टाळ्या पिटत होती. "पयना रे! मना पोऱ्या पयना!"