पेटीच्या दारातली गर्दी

शिलाई मशीनवर चाळीस वर्षं पाय मारून टेलरमास्तरांचे गुडघे कामातून गेले होते, तरी गच्चीचा जिना ते दिवसातून दोनदा चढत. वर एकेकाळी नऊ मधपेट्या होत्या. तीन वर्षांत आठ रिकाम्या झाल्या. काही माशा फवारणीने मेल्या, काही अंगाला चिकटणाऱ्या किडीने, आणि दोन पेट्यांमधल्या सकाळच्या प्रहरी उठून चालत्या झाल्या. उरली एक, तीही पोळ्याच्या जेमतेम तीन लाकडी चौकटी माशांनी भरतील एवढीच. पुढचा फुलोरा अडीच महिने लांब होता. तोवर ही तगली, तर तिच्यातून पुन्हा चार पेट्या होतील. नाही तगली, तर संपलं.

"यंदा हिच्या मधाला हात लावायचा नाही," मास्तर बायकोला बजावत.

"मी कशाला लावतेय? मला बघितलं की त्या सुया काढतात. तुमचीच जात."

रिकाम्या झालेल्या एका पेटीतल्या दोन चौकटींना थोडा मध शिल्लक होता. त्या मास्तरांनी गच्चीच्या कठड्यावर उभ्या केल्या, माशांना खायला. दर हंगामात मध काढून झाला की ते हेच करत आले होते. माशा चाटूनपुसून चौकटी लख्ख करत. पण तेव्हा नऊ पेट्या भरलेल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी पेटीच्या दारात ही गर्दी! माशा झुंडीने आत शिरत होत्या, बाहेर पडत होत्या. मास्तरांनी बायकोला हाक मारून वर बोलावलं.

"बघ, बघ. पोरी कामाला लागल्या माझ्या."

बायकोने पदराने कपाळ पुसलं. "अहो, पण फुलं कुठायत? सगळीकडे नुसता धुरळा."

"तुला काय कळतंय त्यातलं. लांब लांब जातात त्या."

त्या दिवशी ते दोन घास जास्त जेवले. दुसऱ्या दिवशीही गर्दी होती. खुर्ची टाकून ते दुपारभर बघत बसले. त्याच्या पुढच्या दिवशी दार सामसूम होतं.

त्यांनी झाकण उघडलं. तळाशी मेणाचा भुगा पडला होता. मधाची घरं कुरतडल्यासारखी फाटलेली, आत थेंब नाही. कोपऱ्यात मेलेल्या माशांचा ढीग, आणि एका चौकटीवर राणीभोवती पंधरा-वीस जिवंत. कठड्यावरच्या मधाच्या वासाने परक्या माशा आल्या होत्या, आणि चौकटी संपल्यावर शेजारच्या दुबळ्या पेटीत घुसल्या होत्या. बाहेर पडणाऱ्या माशीचं पोट फुगलेलं आणि आत जाणाऱ्या एकीच्याही पायाला पराग नसेल, तर ती लूट समजायची. हे मास्तरांनी आजवर डझनभर लोकांना शिकवलं होतं. दोन दिवस समोर बसून त्यांनी पाय बघितले नव्हते.

चिंधीचा बोळा करून त्यांनी दार एका माशीपुरतं अरुंद केलं.

"आता काय न्यायचं राहिलंय?" बायकोने विचारलं.

"राणी आहे अजून."

पोळ्यात अळ्या वाढत असलेली एक भरली चौकट मिळाली असती, तर त्यातून नव्या माशा निघून काहीतरी जमलं असतं. ती मागायची तर बेकरीवाल्याकडेच. पलीकडच्या गल्लीत त्याच्या चार पेट्या होत्या. माशा पाळायला त्याला मास्तरांनीच शिकवलेलं. मास्तर बेकरीत गेले, तर तोच आधी बोलला.

"मास्तर, कमाल झाली! पेट्या मधाने नुसत्या जड झाल्यात. या दिवसांत! काय फुललंय हो एवढं?"

मास्तर काचेआडच्या पावांकडे बघत राहिले. "असेल काहीतरी," ते म्हणाले. मग, "अळ्यांची एक चौकट देशील?"

"आत्ता?" बेकरीवाल्याने हातावरचं पीठ झटकलं. "मास्तर, फुलोरा नसताना पेटीतून काही काढायचं नाही. कान धरून तुम्हीच शिकवलंय. फुलं येऊ द्या, एक काय, दोन देतो."

"बरोबर आहे तुझं."

"बसा की, चहा सांगतो."

"नको."

चार दिवसांनी राणी तळाशी पडलेली दिसली. मास्तरांनी पेटी उलटी करून झाडली, आतलं मेण खरवडलं आणि ती आठ पेट्यांवर ठेवली. संध्याकाळी बायकोने गच्चीच्या त्या रिकाम्या भागात कपडे वाळत घालायची दोरी बांधून मागितली. त्यांनी बांधून दिली.