न लागलेली करवत

ऑपरेशन थिएटरच्या मोठ्या सिस्टरांनी उभ्या आयुष्यात किती छात्या उघडताना पाहिल्या असतील, देव जाणे. बायपास म्हटलं की छातीचं मधलं हाड करवतीनं दुभागायचं, आणि ती करवत सर्जन सरांच्या हातात द्यायची ती सिस्टरांनीच. त्याचं कधी काही वाटलं नाही. पण स्वतःच्या नवऱ्याच्या हृदयाच्या नळ्या तुंबल्याचं कळलं आणि ती करवत डोळ्यांसमोरून हलेना.

नवरा सुतार. त्यानं सगळं हसण्यावारी नेलं. "जन्मभर मी फळ्या कापल्या. आता माझीच फळी कापायला निघालीस होय गं?"

"काही कापायचं नाही. आमच्याकडे रोबो येतोय. बरगड्यांच्या मधून बारीकसा छेद, हाडाला धक्का नाही. लवकर रंधा हातात घ्याल."

"म्हणजे यंत्राच्या हवाली करतेस मला?"

"अहो, यंत्र काय करतंय! पलीकडे बसून सरच चालवणार ते."

सरांनी मात्र सरळ सांगितलं होतं, "सिस्टर, जुन्या पद्धतीनं पुढच्या आठवड्यात उरकून टाकू. रोबोचं कधी सुरू होईल याचा भरवसा नाही." सिस्टरांनी ऐकलं नाही. दुसऱ्या कुणी बाईनं असा हट्ट धरला असता, तर त्यांनीच तिला चार शब्द सुनावले असते.

यंत्र आलं. दाराची चौकट काढून आत घ्यावं लागलं. मग शिकवायला येणारी माणसं लांबली. मग रबरी पुतळ्यावर तालमी सुरू झाल्या. मध्येच काही बिनसलं तर यंत्राचे हात बाजूला सारून झटपट छाती उघडायची, म्हणून करवत कायम तयार ठेवायची. अशाच एका तालमीत सिस्टर पुतळ्याच्या उशाशी उभ्या होत्या, तेव्हा तिकडे दुकानात नवरा रंधा मारायला ओणवला, तो पुन्हा उठलाच नाही.

त्या कामावर परतल्या तेव्हा सर म्हणाले, "पहिल्या केसला दुसरं कुणी उभं राहील."

"नको. मीच राहते."

पहिला पेशंट एक बस ड्रायव्हर. त्याच्या बायकोनं दारातच सिस्टरांचा हात धरला. "करवत नाही ना लागायची? डॉक्टर घाई करत होते हो, पण मीच यांना थांबवून धरलं. बरं केलं ना मी?"

सिस्टरांनी तिच्या हातावर आपला दुसरा हात ठेवला.

"बरं केलंत. बसा इथं, देवाचं नाव घ्या."

आत त्यांनी नेहमीसारखा मनातल्या मनात नमस्कार केला. या खेपेला मागणं एवढंच, की करवत लागू देऊ नकोस.

लागली नाही. सर यंत्रामागून उठले, टाळ्या झाल्या, कुणी फोटो काढले. सिस्टर करवत घेऊन सिंकपाशी गेल्या.

"अहो सिस्टर, ती वापरलीच कुठे?" धाकटी नर्स हसून म्हणाली.

"पाकिटातून उघडून ठेवली होती ना, मग धुवायला हवी," त्या म्हणाल्या, आणि त्या लखलखीत दातांवरून ब्रश फिरवत राहिल्या, बराच वेळ.