मामाच्या खुर्चीमागचं खोकं

माझा मामा एका हॉटेलच्या जेवणाच्या हॉलमध्ये संध्याकाळी मेंडोलिन वाजवायचा. शेजारी एक व्हायोलिनवाली, आणि कीबोर्डवर मी. कुणी नुसतं ‘छान’ म्हटलं की मामाचं तोंड पडायचं. “हात आहे हा, हात!” असं तो बोटं नाचवत ऐकवायचा. हा हात गेला तर माझ्यात काही उरणार नाही, असं त्याने म्हणे मामीला लग्नाआधीच सांगून टाकलं होतं. घ्या!

मेंडोलिनला आतून एक साधा, बिनबॅटरीचा पिकअप, म्हणजे तारांचा आवाज पकडणारी चकती, चिकटवलेला होता. तो थेट स्पीकरला जोडला तर आवाज मरतुकडा यायचा, पत्रा खरवडल्यासारखा. म्हणून मध्ये प्रीअँप लागायचा, विटेएवढं एक खोकं. त्यातून गेला की आवाज भरदार व्हायचा. वाद्यावर एकही बटण नाही. आवाज कमी-जास्त करायचं बटण त्या खोक्यावर, आणि खोकं मामाच्या खुर्चीमागे जमिनीवर. तिथेच मामी बसायची.

पुढे पुढे मामाची बोटं अडखळायला लागली. त्याला कळलं नाही, की कळून घ्यायचंच नव्हतं, देव जाणे. गाण्यातली जलद जागा आली की मामी पर्स उचलायच्या निमित्ताने वाकायची आणि बटण मागे फिरवून मेंडोलिनचा आवाज दाबायची. मग व्हायोलिनवाली आणि मी, आम्ही दोघी जोर लावून वाजवायचो. टाळ्या पडायच्या, मामा खुशीत मान डोलवायचा. आणि वर तोरा बघा! एकदा व्हायोलिनवाली जराशी चुकली, तर सगळ्या वेटरांसमोर तिला झापलं. “हातात दम नसेल तर घरी बसावं माणसाने!” पोरगी लालबुंद झाली आणि खाली मान घालून तारा जुळवायला लागली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मग मामी तापाने आजारी पडली. त्या संध्याकाळी जलद जागेला मामाची बोटं भलत्याच तारांवर पडली, आणि ते अख्ख्या हॉलने ऐकलं. चमचे थांबले. व्हायोलिनवाली वाजवता वाजवताच एक पाऊल मागे सरकली आणि खाली न बघता तिने बुटाच्या टोकाने बटण फिरवलं. मेंडोलिन एकदम दबलं. मामाने वळून पाहिलं, तेव्हा तिचा बूट अजून खोक्यावरच होता.

मी त्याला घरी सोडलं. बूटसुद्धा न काढता तो मामीच्या उशाशी जाऊन बसला.

“त्या व्हायोलिनवालीला माझं बटण फिरवायला कुणी शिकवलं?”

“मीच. मला कधी उठावं लागलं तर पंचाईत नको म्हणून.”

“मी तिला झापलं, त्या दिवशी…”

मामीने कपाळावरची ओली घडी काढून बाजूला ठेवली. मग म्हणाली, “त्या दिवशी मी फोन घ्यायला बाहेर गेले होते. तुमचं बटण तीच सांभाळत होती. म्हणून तर चुकली ती.”

मामाने दोन्ही हात मांड्यांखाली दडपले. लाजेने त्याला मान वर करवेना.

“आता तिला तोंड कसं दाखवू गं मी?”