गळ्यातली किल्ली

चांदणीमामा कुणाचेच सख्खे मामा नाहीत. पण त्यांच्या टायरच्या दुकानात एकदा गेलेला माणूस भाचा होऊनच बाहेर पडतो, कारण इतकं ऐकून घेणं दुसऱ्या कुठल्या नात्यात बसत नाही. नावातली चांदणी आली ती त्यांच्या नट आवळण्याच्या तऱ्हेवरून. चाकाला पाच नट असतात. तुम्ही-आम्ही ते शेजारशेजारचे धरून गोल आवळत जातो. मामा एक आवळला की पलीकडचा घेतात, मग त्याच्या पलीकडचा. पान्याच्या वाटेने रेघ ओढली तर पाच टोकांची चांदणी तयार होते. गोल आवळलं की चाक एका अंगाला कलून बसतं, हे ते मला गेली अकरा वर्षं सांगतायत, आणि दर वेळी मी ते पहिल्यांदाच ऐकतोय अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे.

हवेवर चालणारी बंदूक दुकानात आहे, पण ती फक्त नट सोडवायला. आवळायचं हाताने. आधी बोटांनी, मग चाक जॅकवर असतानाच साध्या पान्याने, मग गाडी खाली टेकवून टॉर्क पान्याने. हा लांब दांड्याचा पाना ठरलेला जोर लागला की ‘कट्’ असा आवाज करतो. तो ऐकून मामांचा चेहरा असा फुलतो, की मामी म्हणतात, लेक पहिल्यांदा ‘बाबा’ म्हणाली तेव्हाही हे इतके खूश नव्हते. कट् झालं की नटावरून चाकावर खडूची रेघ. पुढे कधी रेघ तुटलेली दिसली तर समजायचं, नट हलला. आणि पन्नास किलोमीटर झाले की थांबून सगळे नट पुन्हा तपासायचे, ही शपथ प्रत्येक गिऱ्हाइकाकडून वदवून घ्यायची.

शिवाय किल्लीचा नियम. गाडी दुकानात शिरली की तिची किल्ली दोरीत ओवून मामांच्या गळ्यात जाते, ती विसावी रेघ ओढेपर्यंत मालकालाही मिळत नाही. एका वकीलसाहेबांनी कामाला उशीर होतोय म्हणून बराच आवाज चढवला होता. मामांनी त्यांना बसायला स्टूल दिलं.

अशा माणसाच्या हातून जे झालं ते खुद्द त्यांच्या लेकीच्या गाडीवर झालं, आणि माझ्या डोळ्यांदेखत.

लेक जनावरांची डॉक्टर. पहिली नोकरी लागली तीही डोंगरापलीकडे, घाटरस्त्याने तीन तासांवर. तिने घेतलेल्या जुन्या पांढऱ्या गाडीला मामांनी निघायच्या दिवशी सकाळी चार नवे टायर घातले. चाकं कुणी पळवू नयेत म्हणून प्रत्येक चाकाचा एक नट कुलपाचा बसवला. तो साध्या पान्याला दाद देत नाही. त्याच्यासाठी पान्याच्या टोकाला वेगळी, खाचांची गोटी जोडावी लागते आणि ती सबंध गाडीला एकच असते. शेजारी माझी गाडी पुढची दोन चाकं काढून जॅकवर उभी होती, तेव्हा मीही स्टुलावर होतो.

तीन चाकं कट्-कट् होऊन रेघा ओढून झाली. चौथ्याचे नट साध्या पान्याने आवळले, गाडी खाली टेकली, आणि तेवढ्यात मामी डब्यांची मोठी टोपली घेऊन आल्या. ती डिकीत ठेवायची होती. मामा म्हणाले, स्टेपनीवर काही ठेवायचं नाही, पंक्चर झालं तर पोरगी आधी डबे उतरवत बसेल का? मामी म्हणाल्या, उपाशी पोरीला स्टेपनी खायला देणार का? वाद चांगला रंगला. मग निरोपानिरोपी सुरू झाली. मामा नाक शिंकरायचं निमित्त करून कॉम्प्रेसरमागे गेले आणि डोळे लाल करून आले. लेक बसली, तिच्याकडच्या दुसऱ्या किल्लीने गाडी सुरू केली आणि गेली. आम्ही तिघांनी मनापासून हात हलवले.

अर्ध्या तासाने मामा माझ्या चाकावर वाकले आणि त्यांच्या गळ्यात काहीतरी किणकिणलं. माझी किल्ली एकटी किणकिणणार कशी? मामांनी दोरी हातात धरून पाहिली. दोन किल्ल्या होत्या. मग त्यांनी अंगातल्या डगल्याच्या खिशात हात घातला आणि कुलपाची गोटी बाहेर काढली.

“चौथं चाक,” ते म्हणाले.

मामींनी फोन लावला. अकरा वेळा लावला. गाडी चालवताना फोनला हात लावायचा नाही, हे पोरीला कुणी शिकवलं, असं त्यांनी बाराव्या वेळी मामांना विचारलं. पोरगी इतकी आज्ञाधारक निघेल अशी मामांना कल्पना नव्हती.

आता उरली माझी गाडी, ती दोन पायांवर. मी म्हटलं, मामा, बंदुकीने घट्ट करा आणि चला. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी त्या वकीलसाहेबांसारखा गुपचूप स्टुलावर बसलो.

“एक चाक राहिलं म्हणून दुसरी गाडी पाडायची नाहीये मला,” ते म्हणाले. एवढ्या घाईतही चांदणी चुकली नाही. दोन्ही चाकं चढली, विसाच्या वीस नटांना टॉर्क पाना लागला, वीस रेघा ओढल्या गेल्या, आणि मगच माझी किल्ली गळ्यातून सुटली. नऊ मिनिटं लागली. आयुष्यातली सगळ्यात लांब.

आणि मग आम्ही सुटलो. मी गाडी हाकतोय, मामा शेजारी टॉर्क पाना गुडघ्यांत उभा धरून, मामी मागून त्यांचा उद्धार करतायत. मामा सारखे हिशोब घालत होते: साध्या पान्याने आवळलेत, लगेच निघणार नाहीत, पण रस्त्याच्या हादऱ्यांनी सैल होत जातील, आणि साठ किलोमीटरवर घाट लागतो. तिथे वळणावर चाक डुगडुगलं तर? कडेला उभी असलेली प्रत्येक पांढरी गाडी आम्हाला तिचीच वाटली. त्यातली एक तर दुधाची व्हॅन होती.

बरोबर पन्नासाव्या किलोमीटरवर पेट्रोल पंप आहे. तिथे झाडाखाली ती गाडी होती. भोवती फरशीवर सगळ्या बॅगा आणि डब्यांची टोपली. डावीकडच्या मागच्या चाकापाशी लेक हातात पाना घेऊन मांडी घालून बसली होती.

“बाबा, या चाकावर खडूच नाही,” ती म्हणाली.

बापाच्या नियमाप्रमाणे ती थांबली होती. पाना लावला तर चार नट पाव पाव फेरा फिरले. ते तिने आवळले, चांदणीनेच. पाचवा कुलपाचा. गोटीसाठी आख्खी गाडी उपसली, नाही सापडली, म्हणून तिने चाक जागचं हलवलं नव्हतं. फोन कुठल्या तरी बॅगेच्या तळाशी वाजून वाजून थकला होता.

“चुकलं माझं,” मामा म्हणाले. हे वाक्य मी अकरा वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. मामींच्या चेहऱ्यावरून वाटलं, त्यांनीही.

लेकीने नुसता हात पुढे केला. मामांनी गोटी दिली, टॉर्क पाना दिला, आणि स्वतः मागे उभे राहिले. पाच वेळा कट् झालं. पाचव्याला मामांचा चेहरा कसा झाला ते सांगत नाही; मामींना राग येईल. खडू लेकीने त्यांच्या खिशातून स्वतःच काढला.

मग मामा गळ्यातली किल्ली काढायला लागले, तर ती म्हणाली, “राहू दे तुमच्याकडे. गोटी तेवढी माझ्या गाडीत.”

मामींनी टोपली उचलून सरळ स्टेपनीवर ठेवली. मामा झाडाकडे बघत राहिले.

मी माझ्या गाडीचं दार उघडलं, तशी लेकीने हाक मारली. “दादा, तुमचेही पन्नास झाले ना? किल्ली द्या.”

मी दिली. तिने ओढणीच्या टोकाला ती गाठ मारून बांधली, टोक गळ्याभोवती टाकलं, आणि माझ्या पहिल्या चाकापाशी खाली बसली. मी बसायला कुठे स्टूल मिळतंय का बघायला लागलो.