खोक्यावरचा आकडा

दुपारी वीज गेली, तशी आई स्टूल ओढून बॅटरीच्या नव्या खोक्यासमोर बसली. खोक्यावर चौसष्ट टक्के दिसत होते. बाबांचं ऑक्सिजनचं मशीन आता त्याच्यावरच चालत होतं.

दुकानात आईला जनरेटर हवा होता. "तो धडधडतो तरी. बंद पडला तर लगेच कळतं," ती म्हणाली होती. माझ्या डोक्यात मात्र धूर होता. ज्या माणसाला श्वास पुरत नाही, त्याच्या खिडकीखाली पेट्रोल कसं जाळायचं? म्हणून मी हट्टाने हे मुकं खोकं आणलं. पण जनरेटरमध्ये आणखी पेट्रोल ओतता येतं. यात काहीच ओतता येत नाही, वीज येईपर्यंत नुसतं बघत बसायचं.

आकडा एकसष्टवर आला. आई उठली आणि घरभर फिरून पंख्यांची, दिव्यांची बटणं बंद करून आली. त्यातलं एकही या खोक्याला जोडलेलं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. तरी स्वयंपाकघरातलं राहिलेलं बटण मीच जाऊन बंद केलं.

जनरेटर असता तर निदान काळजी अंगणात धडधडत राहिली असती. इथे ती घरात येऊन बसली होती, आणि एकेक टक्क्याने आम्हाला दिसत होती.

एकोणसाठ झाले. आम्ही दोघी खोक्यावर वाकलो.

मागे पलंगावरून बाबांचा आवाज आला, नाकातल्या नळीमुळे जरा बसलेला.

"अगं, मी इकडे आहे."