बुडाखालचं यंत्र

मी शाळेत गेलो तो जन्मात एकदाच, अन् तेही शाळेच्या छपरावर चढलेली माही शेळी उतरवाले. बाकी जे शिकलो ते ठेचा खाऊन शिकलो. मिरचीचा नाही, पायाच्या.

तवा आपला वऱ्हाड नावाले निजामाचा, हुकूम इंग्रजाचा, अन् कारभार चाले नागपुरातून. एका गाडीवर तीन धुरकरी. आमच्या घरची गाडी मात्र एकच धुरकरी हाके, माही बायको. बैल कोण, ते तुमाले समजलंच असंन.

घरामागं आमचा आड होता. निरा पाताळात पाणी. त्याच्यावर ना रहाट, ना काही. माह्या आजीनं हातानं पाणी ओढलं, मायनं हातानं ओढलं, म्हणून बायकोही हातानं ओढे. काठाच्या दगडावर दोर घासे, ती वाकून वाकून पोहरा वर घेये, अन् मी आंगणातल्या बैठकीवर बसून तिले अक्कल शिकवो, "दमानं ओढ वं, दोर झिजते."

ही बैठक म्हणजे माहं सिंहासन. आज्याच्या मळ्यातली विहीर ढासळली, मोटेचं कातडं उंदरांनी खाल्लं, नाडा सडला, अन् मोटेचं चाक तेवढं उरलं. बाभळीचं, जाडजूड, कडेले दोर बसाची खाच, मधात भोक. बापानं ते आंगणात दोन धोंड्यांवर आडवं टाकलं, मी त्याच्यावर पोतं टाकलं. मधातल्या भोकात तंबाखूची पिशवी बरोबर बसे. घरात सगळे त्याले 'बैठक' म्हणत. ते कधीकाळी चाक होतं हे मी वर बसून बसून साफ भुलून गेलो.

बायको पहिल्या बाळंतपणाले दुसरबीडले माहेरी गेली. पोरगी झाली. बारसं झालं, सव्वा महिना झाला, मी गाडी जुंपून दोघींले आणाले गेलो. पोरीले मांडीवर घेतलं तर तिनं धोतर ओलं केलं. आमची ओळख तेवढीच झाली, कारण मागून सासरे आले अन् त्यांनी लेकीचे दोन्ही तळहात माह्यापुढं उघडून धरले. अजून घट्टे होते.

"जावईबापू, नांगर धरणाऱ्याचे हात असे नसतात. तुमच्या आडावर पाणी काढाची काही सोय करा. मंगच लेक अन् नात न्या."

"मामा, आमच्या आजीनं..."

"मंग आजीलेच न्या घरी."

बायको दाराआडून खुदकन हसली, पण गाडीत काही बसली नाही. मी रिकामी गाडी घेऊन परत आलो. रस्त्यानं जो भेटे तो विचारे, "काऊन बे, बाईमाणूस कुठी हाय?" मी सांगो, "मागून येऊन राह्यली." बैलांलेही माही लाज वाटली असंन.

घरी भाकर करपे, नाही तर कच्ची राहे. पाणी ओढता ओढता माह्याच हाताले फोड आले. तवा कुठी समजलं सासऱ्याले काय म्हणाचं होतं. पण सोय कराची म्हणजे काय कराचं?

आमच्याकडं शाळेचे मास्तर शेळीचं दूध न्याले येत. भला माणूस, पुण्याकडचा, बोले कमी. मी बैठकीवर बसून त्यांच्यापुढं सारं रडगाणं गायलं. मास्तरनं आडाकडं पाह्यलं, माह्याकडं पाह्यलं, म्हणाले, "अहो, एक यंत्र बसवून टाका की. आणि यंत्र तर तुमच्याकडेच आहे. त्याच्यावरच बसला आहात." दूध घेतलं अन् निघून गेले.

आता मले यंत्र एकच माहीत. देवऋषी तांब्याच्या पत्र्यावर रेघा मारून देते, ते. कुणी दारावर टांगते, कुणी उंबऱ्याखाली पुरते. मले वाटलं, बाप्पा, मास्तर शिकेल माणूस, त्याले भुईखालचं दिसते. माह्या आज्यानं बैठकीखाली यंत्र पुरून ठेवलं असंन!

लगेच पोतं झटकलं, ते बाभळीचं धूड मोठ्या कष्टानं उचललं, भिंतीले टेकवून ठेवलं अन् कुदळ घेतली. कमरेइतकं खणलं. दोन धोंडे निघाले, एक फुटकी पणती निघाली, अन् एक विंचू निघाला. यंत्र काही निघालं नाही. शेजारची म्हातारी कुडावरून पाहून म्हणे, "काय रे, बायको येत नाही म्हणून गाडून घेतो का स्वताले?"

मंग साखरखेर्ड्याच्या बाजारात गेलो. तठी एक देवऋषी बसे. त्याले म्हणलं, पाणी काढाले सोपं जाईन असं यंत्र पाहिजे. त्यानं जरा डोकं खाजवलं. असं गिऱ्हाईक त्याले पहिल्यांदाच भेटलं असंन. पण द्याले म्हणून माह्या काखेत आणलेला कोंबडा पाहून त्याले सारं सुचलं. तळहाताएवढा तांब्याचा पत्रा, त्याच्यावर चौकोनात चौकोन. मी तो काळ्या दोऱ्यानं आडाच्या काठावर खुंटीले बांधला, हात जोडले अन् पोहरा ओढून पाह्यला.

देवाशपथ सांगतो, हलका लागला! अर्ध्याहून हलका. पोहऱ्याच्या बुडाले भोक पडलं होतं अन् पाणी वाटंतच गळून जाये, हे मंग समजलं. त्या वक्ती तं मी आनंदानं नाचलोच.

दुसऱ्या दिवशी दुसरबीडले जाऊन छाती काढून सांगतलं, "मामा, यंत्र बसवलं."

"यंत्र?" सासरे उठूनच बसले. "लोखंडी काय?"

"छ्या! तांब्याचं."

"तांब्याचं! अन् बाईले वाकाव लागते का?"

"कायले? म्या स्वता ओढून पाह्यलं. फुलावानी येते पाणी."

सासऱ्यांनी तोंडात बोट घातलं. लेकीले म्हणाले, "बांध वं गाठोडं. म्याही येतो, तांब्याचं यंत्र पाहाले." आता सासरा गाडीत बसला म्हणून मी भ्यालो का? उलटा आनंदानं गाणं म्हणत बैलं हाकली.

आंगणात गाडी उभी राह्यली. बायको पोरीले घेऊन उतरली. सासरे उतरले अन् सरळ आडावर गेले. इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं.

"कुठी हाय?"

मी बोटानं दाखवलं. वाऱ्यानं पत्रा टिणटिण वाजू राह्यला होता.

सासऱ्यांनी जवळ जाऊन पत्रा उलटापालटा करून पाह्यला. मंग म्हणाले, "जावईबापू, हे तर लेकराच्या गळ्यात बांधतात."

"पण मामा, पोहरा हलका..."

त्यांनी पोहरा सोडला, वर ओढला, अन् बुडातून धार लागली ती माह्या पायावर. सासरे गाडीकडं पाहून गरजले, "बैलं सोडू नका! जू तसंच राहू द्या. लेक परत येते माह्यासंगं."

बायको तशीच उभी. आंगणातला खड्डा पाहून मले विचारते, "अजी, अन् हे कायचं खणलं?"

आता लपवून काय फायदा? सांगतलं सारं. मास्तर म्हणाले यंत्रावर बसला आहात, म्हणून बैठक उचलली, बाजूले ठेवली, अन् खालून खणलं.

बायकोनं खड्ड्याकडं पाह्यलं. मंग भिंतीकडं पाह्यलं. तठी माहं सिंहासन उभं टेकलं होतं. उभं केलं की आंधळ्यालेही ते चाकच दिसे, खाचेसगट. ती हसाले लागली. अशी हसली की पोरगी जागी होऊन रडू लागली तरी हसू थांबेना.

"बा, हे पाहा! यंत्र उचलून बाजूले ठेवलं अन् यंत्र हुडकाले कमरेइतकं खणलं!"

सासरे चाकाजवळ गेले. खाचेतून बोट फिरवलं, भोकातली तंबाखूची पिशवी काढून आपल्या कमरेले खोसली. माही तंबाखू गेली, पण त्यांच्या मिशा हालल्या. मले तेवढंच पुरे होतं.

मंग कामाले लागलो. दोन दुबेळक्याचे, म्हणजे वर फाटा असलेले, खांब तोडले. सासरे म्हणाले, "खड्डा तं जावईबापूनं आधीच करून ठेवला, पण आडापासून दूर केला." आडाजवळचा मोठा धोंडा हालवाचा होता. त्यांनी पहार घातली, पहारीखाली लहान गोटा ठेवला अन् म्हणाले, "दाबा." मी जोर करून वर उचललं. पहार सटकली, मी बुडावर. इतक्यात मास्तर दुधाले आले अन् सारं ऐकून कुडाले धरून हसले.

"अहो, ही पहारसुद्धा यंत्रच. आता खांबाला पाचर माराल, तीही यंत्रच. तुमचा अडकित्ता, जातं, गाडीचं चाक, सगळी यंत्रंच."

"मास्तर," मी म्हणलं, "एवढी यंत्रं घरात होती तं कोंबडा गेला कायले?"

"तो यंत्रामुळे नाही गेला, तुमच्यामुळे गेला."

खांब रोवले, चाकात कणा घातला, पाचरी ठोकल्या. एरंडीचं तेल घातलं तवा कुठी चाक कुरकुर सोडून फिरलं. पोहऱ्याच्या भोकाले डांबर लावलं. तोवर ऊन कललं होतं अन् बैलं जू घेऊन तशीच उभी होती. जायचं का राह्याचं, ते अजून कुणीच बोललं नव्हतं.

बायकोनं पोरीले आपल्या बापाजवळ देल्लं, पदर खोचला अन् दोर धरला. ताठ उभी राहून ओढू लागली. वाकली नाही. पोहरा वर आला, काठोकाठ भरेल. तिनं तळहात पाह्यले, लुगड्याले पुसले, अन् तो पोहरा उचलून सरळ नेला अन् बैलांपुढच्या घमेल्यात ओतला. बैलं पेऊ लागली.

सासऱ्यांनी नातीले माह्या हातात देल्लं, बैलांजवळ गेले अन् आपल्या हातानं जू काढलं.

पोरीनं तेवढ्यात पुन्हा माहं धोतर ओलं केलं. तांब्याचा पत्रा बायकोनं सोडून आणला अन् माह्या गळ्यात बांधला. म्हणे, "आडापेक्षा तुमालेच गरज हाय." अजून हाय गळ्यात. कुणी विचारलं तं सांगतो, पाणी हलकं करते.

नुकसान एकच झालं. तवापासून मी भुईवर बसतो.