खरवस न वाटणारी शेवंतामावशी

आमच्या तिसगावातल्या गल्लीत कुणाची गाय व्याली की संध्याकाळपर्यंत घरोघर खरवसाची वाटी पोचते. शेवंतामावशीच्या घरून ती कधीच आली नाही, गोठ्यात सहा गाई असूनही. कुणी टोमणा मारलाच तर म्हणायची, "तुमची वाटी वासराच्या पोटात गेली. अडीच वर्सांनी तांब्या घेऊन या."

मी शाळेत लिपिक. गाय एकच, गौरी, तीही उताराला लागलेली. गोठा पुढे चालायचा तर तिची कालवड जगायला हवी होती. गौरी व्याली तेव्हा कालवड उठेना. माझ्या पत्नीने, सुनंदाने, सगळा चीक खरवसासाठी पातेल्यात काढला होता. वासराला थोडा चाटवला की झालं, अशीच आमच्याकडची रीत. तेवढ्यात मावशी आली. पातेलं शेगडीवर चढायच्या आत तिने उचललं.

"वैनी, पावन्यांना मागनं वाढ. ह्या पावनीला आदी."

अर्धा तास मातीत मांडी घालून तिने बाटलीने चीक पाजला. किती पाजायचा, मी विचारलं. "वजनाचा दहावा वाटा. वहीत मागनं लिव्हा भाऊसाहेब, आदी मान धरा."

दुपारी कालवड उभी राहिली. तिचं नाव चंद्री.

मावशीने दहा हंगाम ऊसतोड केली होती. त्याबद्दल ती एकदाच बोलली. "फडावर लेकरं बघितल्यात मी. पहिल्या दिसांचं उपाशीपन जल्मभर पुरतं."

तिच्याकडे गाठी मारलेली एक सुताची दोरी होती. दर पुनवेला ती चंद्रीच्या पुढच्या पायांमागून छातीभोवती फिरवायची. छाती त्या महिन्याच्या गाठीच्या मागे राहिली तर पेंड वाढवायची, फार पुढे गेली तर तोडायची. मला वाटे, गुटगुटीत झाली तर बरंच की.

"चरबी कासंत बी बसती. मग दुधानं कुठं बसायचं?"

अकराव्या महिन्यात चंद्री माजावर आली. तिला भरवायला मी डॉक्टरांना बोलावलं. मावशी गोठ्याच्या दारात आडवी उभी राहिली.

"दोरी भरली न्हाई."

"मावशी, थांबलो तर तीन-चार महिन्यांचा चारा फुकट जाईल."

"जाऊ द्या. पोर सासरी धाडायची घाई आपल्याला, भोगायचं तिला."

डॉक्टर हसत परत गेले. चंद्रीची छाती शेवटच्या गाठीला लागली तेव्हा पंधरावा महिना संपत होता. त्या दिवशी मी डॉक्टरांच्या वजनाच्या टेपने मुद्दाम ताडून पाहिलं. कालवड भरवायला त्यांना जेवढं वजन हवं असतं, टेप बरोबर तिथेच आली. मी दोनदा मोजलं. शाळेची पायरी न चढलेल्या बाईने ती गाठ कशी मारली असेल? विचारलं तर म्हणाली, "कुनी शिकवली म्हंजी? माझ्या चांगल्या गायांनी. त्यांच्याच छातीवरनं मारल्यात गाठी."

गौरीने पहिल्या वेताला दिवसाला नऊ लिटर दिलं होतं, चंद्रीने चौदा दिलं. एका गायीवरून नियम निघत नाही, हे मला कळतं. वळू वेगळा होता, चाराही बरा होता. पण मावशीच्या सहाही गाई आपापल्या आईच्या पुढे होत्या, आणि तिथे वळूचं कारण मला सहा वेळा देता येईना.

चौदाचा आकडा ऐकायला मावशी राहिली नाही. चंद्री व्याली तेव्हाच तिने अंथरूण धरलं होतं. चंद्रीचं वासरू पोट भरून मागे सरलं, तरी बराच चीक उरला. सुनंदाने त्याचा खरवस केला. मी वाटी घेऊन गेलो.

मावशीने वाटीला हात लावला नाही. "वासरू?"

"तीन लिटर. तासाच्या आत. मोजून."

"मान धरली हुती?"

"मीच धरली होती."

तेव्हा तिने तोंड उघडलं. मी चमच्याने भरवला. डोळे मिटून तिने बराच वेळ तो घोळवला.

"वैनीला सांगा," ती म्हणाली, "वेलची जास्त झाली."

आणि उशाखालची दोरी काढून माझ्या हातात दिली.